मधुचंद्राचे गाव कोणी ठरवायचे?

(बी. ए. भाग ३ मधील एक विद्यार्थिनी)

आमच्या प्रांताचे नाव वऱ्हाड, आणि लग्नाला निघालेल्या मंडळींनाही वऱ्हाडच म्हणतात. या योगायोगावर आजवर पुष्कळ विनोद झाले असतील. मला मात्र त्यात विनोदापेक्षा सत्यच अधिक दिसते. आमच्याकडे लग्नातले सारे काही वऱ्हाडच ठरवते. मुहूर्त कोणता धरायचा, कार्यालय अमरावतीचे घ्यायचे की अकोल्याचे, पंगतीत जिलेबी वाढायची की बुंदी, मानाच्या साड्या किती, रुसलेल्या मामांची समजूत कोणी काढायची, हे सगळे ठरवायला माणसांची वाण नसते. नवरा-नवरीचे काम इतकेच की उभे राहा म्हटले की उभे राहायचे, बसा म्हटले की बसायचे आणि फोटोवाल्याने सांगितले की हसायचे. या साऱ्या धामधुमीत एकच गोष्ट अशी असते की जिथे वऱ्हाड बरोबर येत नाही. ती म्हणजे मधुचंद्राचा प्रवास. निदान तो तरी त्या दोघांचा असावा, अशी कोणाचीही समजूत होईल. माझीही होती.

परवा आमच्या वर्गात एक तास रिकामा गेला आणि कोणीतरी विषय काढला, 'लग्न झाल्यावर फिरायला कुठे जायचे?' मग काय विचारता! एकाने मनाली म्हटले, दुसऱ्याने गोवा, तिसऱ्याने थेट थायलंड गाठले. मागच्या बाकावरचा एक शहाणा म्हणाला, "आधी नोकरी तं लागू दे बाप्पा!" सगळे खो खो हसले. तास संपल्यावर माझ्या लक्षात आले की चाळीस-पन्नास मिनिटांत बोलली ती सगळी मुले. आम्ही मुली वह्या तोंडाशी धरून हसत होतो. आम्हांला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही तोंड उघडले नाही. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

'मधुचंद्र' हा शब्द तसा आपल्याकडे नवाच. इंग्रजी शब्द फोडून आपण तो मराठीत घडवला. १९६७ साली 'मधुचंद्र' नावाचा मराठी चित्रपट आला. त्याचे दिग्दर्शक राजदत्त हे आपल्या विदर्भातलेच. तोवर तो शब्द शहरांतून चांगलाच रुळला असावा. पण खेड्यापाड्यांतून त्याचा पत्ता नव्हता. माझ्या आजीला मी एकदा विचारले, तर ती म्हणाली, "कायचा हनीमून व माय! मांडवपरतणी झाली अन् दुसऱ्या दिवशी मी वावरात निंदाले गेली." मी म्हटले, "मग दोघे मिळून कुठेच गेला नाहीत?" तर म्हणते, "गेलो ना! माहूरले गेलो रेणुकामायच्या दर्शनाले. अकरा जण होतो. तुहे आजोबा समोर माणसाईत, मी मांगं बायाईत. गड चढेपर्यंत त्याईचं तोंड काही दिसलं नाही."

तेव्हा नवपरिणितांनी प्रवास करायचा, ही चाल आपल्याकडे जुनीच आहे. फक्त त्या प्रवासाचे ठिकाण ठरवावे लागत नसे. कुलदैवत जिथे, तिथे जायचे. कोणी माहूरला, कोणी तुळजापूरला जाई आणि येताजाता शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला थांबे. निवडीचा प्रश्न नव्हता, म्हणून भांडणही नव्हते. आज निवड आली आहे. आणि जिथे निवड आली, तिथे 'निवडणार कोण?' हा प्रश्न आलाच.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तर वऱ्हाडच्या मुलींना सर्वांत आधी आहे, असे मला वाटते. कौंडिण्यपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच. तिथली रुक्मिणी. भावाने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले, तेव्हा तिने रडत बसण्याऐवजी श्रीकृष्णाला पत्र धाडले. त्या पत्रात तिने 'मला घेऊन जा' एवढेच लिहिले नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनाला जाईन, तिथे ये, असे स्थळ आणि वेळ दोन्ही तिनेच कळवले. ते देऊळ म्हणजे आपल्या अमरावतीच्या अंबादेवीचे, अशी आपली श्रद्धा आहे. नवरात्रात आपण त्या देवळापुढे रांगा लावतो आणि रुक्मिणीहरणाची गोष्ट कौतुकाने सांगतो. पण घरातल्या मुलीला कुठे जायचे ते विचारत नाही. रुक्मिणीचे माहेर सांगायला आवडते, रुक्मिणीची रीत मात्र नको!

आता सध्याची रीत कशी आहे ते पाहू. ठिकाणे आपण निवडतो असे आपल्याला वाटते. खरे तर ती आपल्याकडे आयती चालत येतात. महाबळेश्वर आणि माथेरान साहेबाने उन्हाळ्यापासून पळण्यासाठी वसवली. साहेब गेला आणि तिथे नवी जोडपी जाऊ लागली. पुढे सिनेमाने काश्मीर दाखवले. 'कश्मीर की कली' १९६४ सालचा, 'जब जब फूल खिले' १९६५ सालचा. ज्यांना परवडले ते दल लेकमधल्या शिकाऱ्यात फोटो काढून आले, ज्यांना परवडले नाही त्यांनी स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर काढले. १९९० च्या सुमारास काश्मीर अशांत झाले, तशी सारी गर्दी कुलू-मनालीकडे वळली. आता मोबाइलवर रोज कोणाचे ना कोणाचे फोटो दिसतात, त्यामुळे ठिकाण दर वर्षी बदलते. म्हणजे आधी साहेबाने ठरवले, मग सिनेमाने ठरवले, आता शेजाऱ्याच्या फोटोने. या यादीत ते दोघे आले कुठे?

त्यात भर पॅकेजची. 'पॅकेज' हा शब्द आमच्या वऱ्हाडाच्या कानी पडला तो २००६ साली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधान विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. आज त्याच जिल्ह्यांत 'पॅकेज' म्हटले की पाच रात्री, सहा दिवस, हॉटेलच्या गादीवर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम आणि शेवटच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात जेवण, असा अर्थ होतो. शब्द तोच, काळ बदलला. या पॅकेजात सगळे ठरलेले असते. किती वाजता उठायचे, कुठे उतरायचे, कुठे फोटो काढायचे. घरी वऱ्हाड ठरवत होते, तिकडे गाडीवाला ठरवतो. फरक काय झाला?

आता माझ्या ताईची गोष्ट सांगते. सहा वर्षांपूर्वी तिचे लग्न अकोल्यात दिले. ताईला लहानपणापासून एकच वेड, समुद्राचे. आम्ही मोर्शीकडच्या माणसांनी पाणी पाहिले ते वर्धा नदीचे, फार तर अप्पर वर्धा धरणाचे. भूगोलाच्या पुस्तकात समुद्रकिनाऱ्याचे चित्र होते, ते तिने कापून दप्तरात ठेवले म्हणून आईचा मारही खाल्ला होता. लग्न ठरले तेव्हा ती मला हळूच म्हणाली होती, "आता समुद्र पाहायला मिळेल बघ."

साखरपुड्याच्या दिवशीच कळले की मनाली ठरली आहे. का? तर जाऊबाई मनालीला गेल्या होत्या. धाकट्याला त्याहून कमी केले तर लोक काय म्हणतील? तिकिटे सासऱ्यांनी काढली आणि हॉटेल दिरांनी सुचवले. पैशाचा अर्धा वाटा बाबांनी आहेर म्हणून दिला. त्यासाठी त्यांनी सोसायटीकडून उचल केली, हे ताईला फार उशिरा समजले. ताई गेली, आली. फोटो दाखवले. सोलंगला बर्फात भाड्याचे कोट आणि बूट मिळतात, ते घालून दोघे उभे. जांभळा कोट, पांढरी फर. जाऊबाईंच्या अल्बममध्येही तसाच जांभळा कोट होता. तोच कोट असला तरी मला नवल वाटणार नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी विचारले, "कसं होतं ग?" ती म्हणाली, "छान होतं. सगळं ठरलेलंच होतं." त्या वाक्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते माझ्या मनात राहिले.

यावर माझ्या काही मित्रांनी आक्षेप घेतले, ते इथे नोंदवणे योग्य ठरेल. एकाचे म्हणणे असे की खर्च मुलगा करतो, तेव्हा तोच ठरवणार. वर सांगितलेला हिशेब त्याने पाहावा. पुष्कळदा त्या खर्चात मुलीच्या बापाची उचलही असते. समजा, सारा खर्च मुलाचाच असला, तरी तो सोबतीण घेऊन निघाला आहे, सामान घेऊन नव्हे. दुसरा आक्षेप असा की मुलींनी जग पाहिलेले नसते, त्या काय सांगणार? याचे उत्तर आमच्याच वऱ्हाडातल्या एका बाईने देऊन ठेवले आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. जे दोष बाईच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा रोखठोक सवाल त्यांनी त्या काळी केला. मुलीने जग पाहिले नाही हे खरे. पण ते तिला दाखवले कोणी नाही, हेही खरे. आणि आमच्या वर्गातले थायलंडवाले तरी बडनेऱ्याच्या पुढे किती वेळा गेले आहेत?

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. आमच्याकडची लग्ने बहुतेक दाखवून-ठरवून होतात. दोघांची नीट ओळखही नसते. अशा वेळी 'तुला कुठे जावेसे वाटते?' असे विचारायला संकोच वाटतो, आणि उत्तर द्यायला त्याहून अधिक. कबूल. पण ओळख नाही म्हणूनच तर हा प्रश्न हवा! पाहण्याच्या कार्यक्रमात 'स्वयंपाक येतो का?', 'पुढे शिकायचे आहे का?' असे प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे आमच्या मुलींना आधीच पाठ असतात. 'तुला काय पाहावेसे वाटते?' या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर कोणाजवळच नसते. तिथे माणसाला स्वतःचेच काही सांगावे लागते.

असा प्रश्न विचारला गेल्याचे एक उदाहरण माझ्या घरातच आहे. माझ्या आत्याचे लग्न १९८५ सालचे. आत्या अचलपूरची. लग्नानंतर आठ दिवसांनी तिच्या यजमानांनी तिला विचारले, "तुले कुठं जावंसं वाटते?" आत्या सांगते, "मले तं पहिले वाटलं, हा माणूस माही थट्टा करते. जन्मात असं कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, दोन दिवस द्या, विचार करून सांगतो." दोन दिवसांनी तिने सांगितले, चिखलदरा. सगळे हसले. अचलपूरहून चिखलदरा म्हणजे अंगणातून ओसरीत! पण तिचे कारण वेगळे होते. माहेरच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ रोज दिसायची. त्या निळ्या ओळीच्या वर काय आहे, ते तिला पाहायचे होते. सबंध बालपण जे दुरून पाहिले, ते जवळून पाहावे, एवढीच इच्छा.

परतवाड्याहून ते दोघे एस.टी.ने वर गेले. महिना जुलैचा. वर इतके धुके की हात पुढे केला तर बोटे दिसेनात. देवी पॉइंट दिसला नाही, पंचबोल दिसला नाही, गाविलगडाचा किल्ला दिसला नाही. भीमकुंडाचे पाणी नुसते ऐकू आले. दोन दिवस असे गेले. "मग केलं काय तुम्ही?" मी विचारले. आत्या म्हणाली, "काय करतो? बोलत बसलो. तेवढं मंग आम्ही आयुष्यात कधी बोललो नाही." धुक्यात काही न दिसलेला तो मधुचंद्र तिला अजून दिसतो. ताईला मनालीत सगळे दिसले, आणि सांगण्यासारखे काही उरले नाही.

याचा अर्थ सर्वांनी चिखलदऱ्यालाच जावे, असा नव्हे. चिखलदऱ्याचा अभिमान मलाही आहे. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरचे आपल्या विदर्भाचे हे थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले म्हणून कीचकदरा आणि त्याचे चिखलदरा, अशी कथा आहे. इथे कॉफी पिकते. शेजारच्या गाविलगडावर १८०३ च्या डिसेंबरात भोसल्यांची फौज इंग्रजांविरुद्ध लढली आणि किल्ला पडला. खाली पसरलेला मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा तिथली झुळूक काय वाटते, ते अकोलेकरांनाच विचारावे. हे सगळे असूनही आमच्या लग्नाच्या गोष्टींत चिखलदऱ्याचे नाव निघाले की समोरचा तोंड वाकडे करतो. जवळचे म्हणजे हलके, असे एक समीकरण होऊन बसले आहे. पण ज्या मुलीला खरोखरच बर्फ पाहायचे असेल तिने खुशाल मनालीला जावे. ज्याला कामातून उसंत हवी असेल त्याने चार दिवस कुठेही न जाता झोप काढावी, बायकोची हरकत नसेल तर! माझे म्हणणे गावाबद्दल नाहीच. ते कोणी ठरवले, याबद्दल आहे.

आणि कशाच्या जोरावर ठरवले, याबद्दलही आहे. शेणगावच्या गाडगेबाबांनी हयातभर गावोगाव खराटा चालवला आणि लोकांना एकच गोष्ट परोपरीने सांगितली, की कर्ज काढून लग्न आणि सणवार करू नका. बाबांची समाधी आपल्या अमरावतीत आहे. आपण तिथे हात जोडतो आणि घरी येऊन मधुचंद्राचे हप्ते बांधून घेतो. आमच्या भागातली लग्नसराई दिवाळीनंतर सुरू होते. तेव्हा कापूस घरात येत असतो आणि सोयाबीन विकून झालेले असते. त्या पैशावर आधीच सोसायटीचे, कृषी केंद्राचे आणि सोनाराचे नाव लिहिलेले असते. त्यात आणखी एक नाव प्रवासाच्या कंपनीचे. ज्या प्रवासाचे कर्ज परत आल्यावर वर्षभर फेडायचे, त्या प्रवासात एकमेकांशी मोकळे बोलणे कसे होणार? एकाच्या मनात हप्ता, दुसरीच्या मनात बापाची उचल.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. लग्न ठरल्यावर मंगल कार्यालय पाहण्याच्या आधी त्या दोघांनी एकमेकांना तीन प्रश्न विचारावेत. तू आजवर काय पाहिले नाहीस आणि काय पाहावेसे वाटते? आपल्या दोघांजवळ स्वतःचे म्हणून किती पैसे आहेत? आणि तिथे गेल्यावर काहीच पाहायला मिळाले नाही, तरी चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'चालेल' असे आले, तर ठिकाण कुठलेही असो, निवड बरोबर झाली असे समजावे. वडीलधाऱ्यांनी या वेळी एवढीच कृपा करावी, की चिवड्याचा डबा बांधून द्यावा आणि मत बांधून देऊ नये.

लग्नानंतर घर कुठे घ्यायचे, मूल केव्हा, मुलीला कोणत्या शाळेत घालायचे, म्हाताऱ्या आई-बापांना कोणी पाहायचे, असे किती तरी निर्णय पुढे उभे असतात. त्या सगळ्यांची ही पहिली तालीम आहे. पहिल्याच निर्णयात एक जण गप्प बसला, तर गप्प बसण्याची सवय लागते. दुसऱ्याला न विचारण्याची सवय त्याहून लवकर लागते.

जाता जाता ताईच्या गोष्टीचा शेवट सांगायला हवा. गेल्या उन्हाळ्यात तिची चार वर्षांची मुलगी चित्रांच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली, "आई, हा समुद्र तू पाहिला का?" ताई म्हणाली, "नाही ग." भाऊजी तिथेच पेपर वाचत बसले होते. ते चमकले. "तू समुद्र पाहिला नाही? मंग तवा काऊन नाही बोलली?" ताई म्हणाली, "तेव्हा विचारलं कोणी?" भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मले बी कोणी नव्हतं विचारलं. मले तं थंडी सोसतच नाही."

पाच वर्षे ते दोघे एका घरात राहत होते आणि ही एवढीशी गोष्ट एकमेकांना ठाऊक नव्हती. हे ऐकून मला हसू आले, आणि मग आले नाही.

पुढच्या आठवड्यात ते तिघे रात्री अकोल्याला अंबा एक्स्प्रेसमध्ये बसले आणि पहाटे मुंबईला उतरले. पॅकेज नव्हते आणि गुलाबाच्या पाकळ्याही नव्हत्या. मुक्काम एका नातेवाइकाच्या दोन खोल्यांत. सकाळी गिरगाव चौपाटीवर गेले. ताईने मला फोटो पाठवला आहे. त्यात ती मुलीचा हात धरून घोटाभर पाण्यात उभी आहे, साडीचा काठ भिजला आहे, आणि ती फोटोकडे पाहत नाही, समोर पाहते आहे. भाऊजी फोटोत नाहीत. एका हाताने ते फोटो काढत होते, आणि दुसऱ्या हातात त्यांनी दोघींच्या चपला धरल्या होत्या.